सीडी घालून लिनक्स बघायचंय, पण आतलं काही जाणार नाही ना?

या महिन्यात आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त लिनक्सचे, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत सिस्टीमचे आहेत आणि त्याचं कारणही सरळ आहे, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि दुकानादुकानात, घराघरात नीट चालणाऱ्या मशिनला पण "हे आता बाद, नवीन घ्या" असं सांगितलं जातंय. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशिनमधली सुरक्षेची सोय लागते, प्रोसेसर ठरावीक यादीतलाच लागतो, आणि साधारण २०१८ च्या आधीची बहुतेक मशिनं त्यात बसत नाहीत. मशिन चांगलं असताना ते भंगारात घालणं मला पटत नाही, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवतो आणि या वेळी फक्त लाईव्ह सीडीचेच, म्हणजे लिनक्स न बसवता थेट सीडीवरनं चालवून बघायचेच घेतो.

प्रश्न (शिवाजी उद्यमनगर): माझं छोटं लेथचं वर्कशॉप आहे. ऑफिसात २०१३ चा डेस्कटॉप आहे, आय३, ४ जीबी रॅम, विंडोज १०. कोटेशनं, बिलं, पार्ट्यांनी पाठवलेली ड्रॉइंगची पीडीएफ, सगळं त्यातच. पुतण्या पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो काका लिनक्सची लाईव्ह सीडी घाला आणि चालवून बघा, इन्स्टॉल करायला लागत नाही. पण मागं एकानं फॉरमॅट मारताना माझा ३ वर्षांचा डेटा घालवलाय. सीडी घातली आणि आतलं उडालं तर? आणि ही सीडी करायची कशी?

उत्तर: काका, पुतण्या बरोबर सांगतोय, आणि तुमची भीती पण खोटी नाही. एकदा डेटा गेलेला माणूस परत सीडी घालताना दहादा विचार करणारच. म्हणून आधी आत नेमकं काय होतं ते सांगतो, मग कसं करायचं ते.

एरवी तुम्ही बटण दाबलं की कॉम्प्युटर हार्डडिस्कवरनं विंडोज उचलतो, रॅममध्ये आणतो आणि चालवतो. लाईव्ह सीडीत फक्त उचलायची जागा बदलते, सिस्टीम हार्डडिस्कच्या ऐवजी सीडीवरनं येते. ती सीडीवर दाबून दाबून भरलेली असते, लागेल तेवढा भाग वाचायचा, रॅममध्ये उलगडायचा आणि चालवायचा असं चाललेलं असतं. सीडीवर परत काही लिहिता येत नाही, मग तुम्ही तिथं वॉलपेपर बदललात, एखादी फाईल केलीत, ब्राउझरमध्ये काही उघडलंत तर ते सगळं रॅमच्याच एका कोपऱ्यात ठेवलं जातं आणि मशिन बंद केलं की रॅम रिकामी होते, सीडी काढा, परत चालू करा, विंडोज जसं होतं तसं समोर येतं. हार्डडिस्क या सगळ्यात बाजूला बसून असते. ती काढून ठेवली तरी लाईव्ह सीडी चालते, आणि तुम्हाला फारच धाकधूक होत असेल तर पहिल्या वेळी खरंच तसं करा, मशिन बंद करून वायर काढा, बाजूचं पॅनल उघडा आणि हार्डडिस्कला गेलेली साटाची केबल उपसून ठेवा. तुम्ही लेथवर काम करणारी माणसं, चार स्क्रू खोलणं तुम्हाला जड नाही. केबलच नसल्यावर आतल्या डेटाला कोण हात लावणार? एकदा निवांत बघून झालं, भीती मोडली, की दुसऱ्या वेळी केबल जोडून बघा.

धोक्याच्या जागा दोनच आहेत, त्या लक्षात ठेवा. एक म्हणजे डेस्कटॉपवर "इन्स्टॉल" असं लिहिलेलं चित्र दिसतं, काही सीडीत सुरुवातीलाच "ट्राय" आणि "इन्स्टॉल" असे दोन पर्याय येतात, तिथं ट्राय घ्यायचं आणि इन्स्टॉलकडं सध्या बघायचं पण नाही. त्यातही नुसतं क्लिक झालं म्हणून लगेच काही पुसत नाही, भाषा विचारतं, कीबोर्ड विचारतं, जागा कुठली ते विचारतं, तेव्हा चुकून उघडलं तर घाबरून वायर ओढू नका, विंडो बंद करा. दुसरी जागा म्हणजे फाईल मॅनेजर, तिथं डाव्या बाजूला तुमची हार्डडिस्क दिसते, तिच्यावर क्लिक केलं की ती उघडते, आणि तिथनं डिलीट केलेली फाईल मात्र खरोखरची डिलीट होते, ती काही रॅममधली नाही. उघडून बघायला हरकत नाही, पुसायचं काही नाही. आणि हे सगळं सांगूनसुद्धा, आधी बिलं आणि ड्रॉइंगं एका बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून ठेवा, लिनक्ससाठी म्हणून नाही, २०१३ ची हार्डडिस्क आहे म्हणून.

आता सीडी. नाव लाईव्ह सीडी असलं तरी आता सीडीत ते मावत नाही, सीडी ७०० एमबीची आणि लिनक्स मिंटसारख्या लिनक्सच्या एखाद्या प्रकाराची फाईल ३ जीबीच्या आसपास, म्हणजे ४.७ जीबीची कोरी डीव्हीडी लागणार. वेबसाईटवरनं जी फाईल उतरते ती आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कचा साचा. इथं नव्वद टक्के लोक एकच चूक करतात, ती फाईल उचलून डीव्हीडीवर कॉपी करतात आणि मग सीडी चालत नाही म्हणून बसतात. साचा कॉपी करायचा नसतो, त्यातनं डिस्क ओतायची असते, हे तुम्हाला मी काय सांगावं, तुमच्या शेजारी फौंड्र्याच आहेत. विंडोज १० मध्ये त्या फाईलवर राईट क्लिक केलं की "बर्न डिस्क इमेज" येतं, तेच घ्यायचं, आणि स्पीड कमी ठेवायचा. झाल्यावर डिस्क उघडून बघा, आत एकच मोठी फाईल दिसली तर चुकलं, बरेच फोल्डर दिसले तर बरोबर.

पण माझं ऐकाल तर डीव्हीडीच्या नादाला लागू नका. वर्कशॉपातल्या मशिनचा डीव्हीडी ड्राईव्ह लोखंडाचा कीस आणि ऑईलचा धूर खाऊन बसलेला असतो, लेन्स मळलेली असते, मध्येच वाचायचं थांबतं आणि दोष लिनक्सला जातो. शिवाय डीव्हीडीवरनं प्रत्येक प्रोग्राम उघडताना घर्रर्र आवाज होऊन मिनिट मिनिट लागतं, आणि तेवढ्यावरनं माणूस "लिनक्स लई स्लो" असं ठरवून टाकतो, स्लो ती डीव्हीडी असते. ८ जीबीचा पेनड्राईव्ह घ्या, रुफस नाहीतर बलेनाएचर या मोफत प्रोग्रामनं आयएसओ त्याच्यावर चढवा. चढवताना पेनड्राईव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा रिकामाच घ्या, आणि यादीत बाहेरची बॅकअप डिस्क पण दिसत असेल तर ती आधी काढून ठेवा म्हणजे हात चुकायलाच नको.

पेनड्राईव्ह लावून मशिन चालू करताना बूट मेनूची, म्हणजे सिस्टीम कुठनं उचलायची ते निवडायच्या यादीची, की दाबत राहायचं, डेल आणि लेनोव्होला बहुतेक करून एफ १२, एचपीला एस्केप आणि मग एफ ९, असुसच्या लॅपटॉपला एस्केप, असुसच्याच मदरबोर्डाला एफ ८. यादी आली की पेनड्राईव्ह निवडा.

आणि उघडल्यावर नुसतं वॉलपेपर बघून बंद करू नका, सगळे तेच करतात. तुमच्या कामाची एक जुनी कोटेशनची फाईल लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे लिनक्सच्या वर्ड-एक्सेलमध्ये उघडा, रकाने हलले का बघा, मोठ्यातली मोठी ड्रॉइंगची पीडीएफ उघडा, प्रिंटरची वायर लावून एक पान काढा, जीएसटीच्या वेबसाईटवर लॉगिन करून बघा. डिजिटल सिग्नेचरचा टोकन वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर लिनक्ससाठी आहे का ते आधी देणाऱ्याला विचारा. बिलं टॅलीत असतील तर ते विंडोजसाठीच बनवलेलं आहे, मग विंडोज पूर्ण काढायचा विचार करू नका, दोन्ही शेजारी शेजारी ठेवता येतात.

प्रश्न (गडहिंग्लज): मी बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. लॅपटॉप दादाचा जुना आहे, २ जीबी रॅम. नेटवर लिनक्सची शंभर नावं दिसतात, उबुंटू, मिंट, फेडोरा, पपी, नक्की कुठलं घेऊ? आणि लाईव्ह सीडी ही कल्पना आली कुठनं?

उत्तर: तुझ्या लॅपटॉपला पपी घे. नवखी म्हणून नाही, २ जीबी रॅम म्हणून. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये ते सुरू केलं, फाईल काही शे एमबीचीच असते आणि ते अख्खं रॅममध्ये चढून बसतं, त्यामुळं एकदा चालू झालं की पटापट उघडतं आणि सीडी बाहेर काढली तरी चालत राहतं. दिसायला थोडं जुनाट आहे, पण शिकायला उत्तम. ४ जीबी असते तर मी मिंटचं एक्सएफसीई हे हलकं रूप घे म्हटलं असतं, विंडोजवरनं येणाऱ्याला ते सगळ्यात ओळखीचं वाटतं, खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू. ८ जीबी असेल तर मिंट सिनॅमन किंवा उबुंटू, काहीही. प्रोसेसर ६४ बिटचा आहे ना ते मात्र आधी बघ, कारण मिंट आणि उबुंटूच्या नव्या आवृत्त्या ३२ बिटवर चालतच नाहीत. कोअर टू ड्युओ असेल तरी तो ६४ बिटचा असतो, काळजी नाही.

लाईव्ह सीडी घराघरात नेली ती नॉपिक्सनं. जर्मनीचे क्लाउस क्नॉपर, त्यांनी २००० मध्ये ती काढली. त्या काळी लिनक्स बसवायचं म्हणजे साऊंड कार्ड कुठलं, मॉनिटर कुठला, सगळं हातानं सांगायला लागायचं आणि नॉपिक्स मात्र सीडी घातली की स्वतः मशिन ओळखून डेस्कटॉप उघडून द्यायची. ७०० एमबीच्या सीडीत दाबून जवळजवळ २ जीबीचं सामान भरलेलं असायचं. मी पहिल्यांदा राजारामपुरीत मित्राच्या कॅफेत बघितलं तेव्हा विंडोज ९८ च्या मशिनवर, काहीही न बसवता, दुसराच डेस्कटॉप उघडलेला बघून आम्ही रात्री कॅफे बंद झाल्यावर पण उठलो नव्हतो. पुढं उबुंटू आलं, २००४ ला पहिली आवृत्ती, ते तर सीडी घरपोच पाठवायचे, टपालखर्च पण घ्यायचे नाहीत. ६.०६ ची माझी पाकिटं अजून कपाटात आहेत. ६.०६ म्हणजे २००६ चा सहावा महिना, उबुंटूचे आकडे असेच वाचायचे. २०११ ला ती सीडी पाठवायची सोय बंद झाली.

तुझ्यासाठी अजून एक. बीसीएला आहेस तर एक मोठा पेनड्राईव्ह घेऊन त्याच्यावर व्हेंटॉय टाक. मग आयएसओ फाईल नुसती कॉपी करायची, अशा चार-पाच एकाच पेनड्राईव्हवर ठेवता येतात आणि चालू करताना कुठली हवी ते निवडता येतं. कॉलेजच्या लॅबमध्ये लावायचा असेल तर सरांना विचारूनच.

प्रश्न (राजारामपुरी): रविवारी दुपारी लाईव्ह पेनड्राईव्हवरनं मिंट बघितलं, आवडलं. बंद करून विंडोज चालू केलं तर घड्याळ साडेपाच तास मागं. दुपारी ४ वाजता सकाळचे साडेदहा दाखवतंय. व्हायरस आला का?

उत्तर: व्हायरस नाही, आणि मशिन बिघडलेलं पण नाही. वर मी म्हटलं ना लाईव्ह चालवताना कशाला हात लागत नाही, त्याला हा एक अपवाद आहे. मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं, बटणासारख्या सेलवर चालणारं. विंडोज त्या घड्याळात आपल्या इथली वेळ ठेवतं आणि लिनक्स ग्रिनिचची ठेवतं. तुम्ही नेट जोडलंत, मिंटनं नेटवरनं बरोबर वेळ घेतली आणि आपल्या पद्धतीनं त्या घड्याळात लिहिली, मग विंडोज चालू झाल्यावर त्याला वाटलं ही भारतातलीच वेळ आहे. भारत ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढं, म्हणून बरोबर साडेपाचच तासांचा फरक. विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये जाऊन "सिंक नाऊ" दाबा, जागेवर येईल. दुकानात बिलं करत असाल तर बिल काढायच्या आधी हे बघून घ्या, नाहीतर बिलावर चुकीची वेळ पडायची.

प्रश्न (कसबा बावडा): आमच्या बचत गटाचा हिशेब मी लाईव्ह लिनक्समध्ये लिब्रेऑफिसच्या शीटमध्ये केला, ४० बायकांच्या नोंदी, तीन तास बसून. डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह पण केला. दुसऱ्या दिवशी चालू केलं तर काहीच नाही. शोधून मिळेल का?

उत्तर: ताई, नाही मिळणार, आणि खोटी आशा लावत नाही. ते डॉक्युमेंट्स रॅममध्ये होतं, मशिन बंद झालं तेव्हाच गेलं. हे पेनड्राईव्ह बनवून देणाऱ्यानं तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं. सीडी घातली की आपोआप रिकाम्या पाटीनं सुरुवात होते, ही तिची चांगली बाजू पण आणि ही अशी वाईट बाजू पण.

इथनं पुढं लाईव्हमध्ये काम केलं तर फाईल दुसऱ्या पेनड्राईव्हवर सेव्ह करा, लिनक्स चालतंय त्याच्यावर नाही. दुसरा लावला की डाव्या बाजूला त्याचं नाव दिसतं, सेव्ह करताना तिथं जायचं, आणि काढायच्या आधी नावाशेजारच्या बाणावर क्लिक करून "इजेक्ट" करायचं. आणि आपल्याकडं पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, लाईव्हमध्ये लाईट गेली की रॅममधलं सगळंच गेलं, म्हणून दर दहा मिनिटांनी कंट्रोल आणि एस. रुफसमध्ये पेनड्राईव्ह बनवताना "पर्सिस्टंट" म्हणून एक जागा राखून ठेवता येते, मग काही प्रकारच्या लिनक्समध्ये सेव्ह केलेलं पुढच्या वेळी पण राहतं. पपी तर बंद करताना स्वतःहून विचारतं, सेव्ह करू का म्हणून. पण गटाच्या पैशाचा हिशेब आहे, ४० घरांचा, तो मी पर्सिस्टंटच्या भरवशावर सुद्धा ठेवणार नाही. दोन ठिकाणी कॉपी आणि महिन्याला एक प्रिंट.

प्रश्न (लक्ष्मीपुरी): माझं डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका, हँडबिलं, मंडळांच्या वर्गणीच्या पावत्या. २२ वर्षं श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर हात बसलाय. लिनक्समध्ये मराठी येतं का?

उत्तर: मराठी येतं आणि फार छान येतं, पण तुमचं काम त्यावर चालेल का हा वेगळा प्रश्न आहे, दोन्हीची सरमिसळ करू नका.

मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन लेआउटमध्ये इंडियन खाली मराठी शोधा, उच्चाराप्रमाणे टाइप होणारं फोनेटिक मिळेल, इनस्क्रिप्ट पद्धतीचं देवनागरी पण मिळेल. वेगळं सॉफ्टवेअर नाही, डाँगल नाही, लाईव्हमध्येच लगेच चालतं. युनिकोडचे, म्हणजे कुठल्याही मशिनवर मराठी मराठीच दिसतं त्या पद्धतीचे, नोटो, लोहित असे फाँट असतात. तपासायला "रंकाळा", "दऱ्या", "ॲप", "ज्योतिबाच्या डोंगराव" असं काहीतरी लिहून बघा, ळ, ऱ्या आणि ॲ नीट आले म्हणजे आपलं काम भागलं. पत्र, अर्ज, ग्रामपंचायतीचा ठराव, बातमी, यासाठी एक नंबर.

पण तुमच्या २२ वर्षांच्या फाईली जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये आहेत, युनिकोडमध्ये नाहीत. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं, त्यामुळं फाँट नसला की सगळा मजकूर गिचमिड दिसतो, आणि हे विंडोजवर पण तसंच आहे, लिनक्सचा दोष नाही. त्यात पेजमेकर, कोरलड्रॉ ही तुमची रोजची सॉफ्टवेअरं लिनक्ससाठी निघत नाहीत. त्यांच्या जागी इंकस्केप आणि स्क्रायबस चांगली आहेत, युनिकोड मराठी घेतात, पण लग्नसराईत रोज दहा पत्रिका द्यायच्या असताना हात बसलेलं सोडून नवीन शिकायला सांगणं बरोबर नाही. तुम्ही कामाच्या मशिनला हात लावू नका. घरी एखादा जुना लॅपटॉप असेल त्याच्यावर लाईव्ह घालून फोनेटिक नाहीतर इनस्क्रिप्ट शिका, कारण गिऱ्हाईक आता मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतं आणि तो युनिकोडच असतो, आज नाही तर उद्या तिकडं वळायलाच लागणार आहे.

प्रश्न (इचलकरंजी): पेनड्राईव्ह लावला, मेनू आला, एंटर मारला आणि काळी स्क्रीन. अर्धा तास थांबलो. मित्राच्या लॅपटॉपवर तोच पेनड्राईव्ह चालतो, पण त्याच्यात वाय-फाय दिसत नाही. दोघांचं पण अडलंय.

उत्तर: तुझ्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असणार, त्याचा आणि सुरुवातीच्या ड्रायव्हरचा मेळ बसत नाही तेव्हा असं होतं. पहिल्या मेनूतच "कम्पॅटिबिलिटी मोड" असा पर्याय असतो, तो घेऊन बघ. चित्र थोडं ओबडधोबड दिसेल, पण उघडेल, आणि पुढं कधी इन्स्टॉल केलंस तर ड्रायव्हर मॅनेजरमधनं कार्डाचा ड्रायव्हर टाकता येतो.

मित्राचं सोपं आहे. काही वाय-फाय चिपांचे ड्रायव्हर कंपन्या मोकळे देत नाहीत म्हणून ते सुरुवातीला चालू नसतात. फोन यूएसबी केबलनं लॅपटॉपला जोडायचा, फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं, नेट लगेच येतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून बघायचं, चिप ओळखली गेली तर तिथंच ड्रायव्हर दाखवतो. तिथं काहीच आलं नाही तर छोटी यूएसबीची वाय-फाय कांडी लावून बघा, आणि घ्यायच्या आधी ती लिनक्सवर चालते का ते नेटवर मॉडेल नंबर टाकून शोधा.

प्रश्न (शाहूपुरी, कुंभार गल्ली): घरातल्या कॉम्प्युटरचं विंडोज सुरूच होत नाही, निळी स्क्रीन येते. मुलीच्या बारशापासनचे फोटो आत आहेत. दुरुस्तीवाला म्हणतो फॉरमॅट मारायला लागेल. लाईव्ह सीडीनं फोटो काढता येतात असं ऐकलं, खरं का?

उत्तर: खरं आहे, आणि लाईव्ह सीडीचा याच्याइतका चांगला उपयोग दुसरा नाही. फॉरमॅटला आजिबात हो म्हणू नका, आधी फोटो.

विंडोज बिघडलं म्हणजे फोटो बिघडले असं नाही. घराचं कुलूप अडकलंय, आतलं सामान तसंच आहे, आपण मागच्या दारानं जायचं. मिंटचा लाईव्ह पेनड्राईव्ह लावून चालू करा, फाईल मॅनेजरमध्ये हार्डडिस्कवर क्लिक करा, "युझर्स" फोल्डरमध्ये तुमच्या नावाचं फोल्डर असेल, त्यात पिक्चर्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स. बाहेरची डिस्क जोडा आणि कॉपी करा. कट नाही, कॉपी. झाल्यावर चार-पाच फोटो बाहेरच्या डिस्कवरनं उघडून बघा, मगच फॉरमॅटला द्या. डिस्क उघडताना विंडोज नीट बंद झालेलं नाही असा काहीतरी निरोप आला तर घाबरू नका, विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असलं की असं होतं, फक्त वाचायला उघडली तरी आपल्याला पुरे, कॉपीच तर करायचंय. चाळीस-पन्नास अंकी की मागितली तर डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डेटा कुलूपबंद करायचं साधन, लावलेलं आहे, ती रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटवर ठेवलेली असू शकते, तिथं बघा.

दोन गोष्टीत मात्र स्वतः करू नका. हार्डडिस्कमधनं टिक टिक, खर खर आवाज येत असेल तर लगेच बंद करा, जेवढी चालवाल तेवढी ती स्वतःलाच खरवडते. आणि तुमचा पत्ता बघून विचारतो, हे मशिन पुराच्या पाण्यात बुडालेलं तर नाही ना? २०१९ ला आपल्या कोल्हापुरात पुराचं पाणी ओसरल्यावर लोकांनी मशिनं उन्हात वाळवली आणि चालू करून बघितली. पाणी गेलेली डिस्क वाळलेली दिसली तरी आत गाळ असतो, वीज दिली की असलेलं पण जातं. तशी असेल तर तिला वीज न देता डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्याकडंच न्या.

प्रश्न (कागल): हे सगळं फुकट कसं काय? फुकट देणाऱ्याचा काहीतरी डाव असणारच की.

उत्तर: डाव नाही. १९८३ ला अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी, सगळ्यांना वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी सिस्टीम करायची म्हणून काम सुरू केलं. १९९१ ला फिनलंडमध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरवल्ड्स यांनी लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टीमचं काळीज, लिहून नेटवर लोकांपुढं ठेवलं. दोन्ही मिळून जे झालं त्यात जगभरच्या हजारो लोकांनी भर घातली. कंपन्या पण पगार देऊन माणसं लावतात, कारण त्यांचे स्वतःचे सर्व्हर यावरच चालतात, आणि तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या आत पण लिनक्सचंच कर्नल आहे. आपल्या सरकारच्या सी-डॅकनं सुद्धा २००७ ला बॉस नावाचं भारतीय भाषांचं लिनक्स काढलं. आपण एवढंच जपायचं की फाईल त्या त्या लिनक्सच्या मूळ वेबसाईटवरनंच उतरवायची, कुठल्यातरी भलत्या लिंकवरनं नाही.

प्रश्न (मंगळवार पेठ): लाईव्ह किती दिवस वापरून मग इन्स्टॉल करावं?

उत्तर: दिवसाचा हिशेब नको, कामाचा करा. एक कागद टेबलावर ठेवा, लाईव्हमध्ये काम करताना ज्या ज्या वेळी विंडोज परत चालू करायला लागलं, ते कशासाठी ते लिहा. स्कॅनर चालला नाही, एखादी फाईल उघडली नाही, जे असेल ते. दोन-तीन आठवड्यांत पान भरलं तर इन्स्टॉलची घाई करू नका, दोनच ओळी असतील तर त्या दोन मला लिहून पाठवा, मशिनचं मॉडेल आणि रॅम पण लिहा. पुढच्या अंकात विंडोज न काढता शेजारी लिनक्स कसं बसवायचं ते घेणार आहे, त्यात तुमच्या दोन ओळींपासनंच सुरुवात करतो.